समुद्राकाठचा तंबू विकनारा

राजापेठेतल्या त्या टूरवाल्याले मी एकदाच पाह्यलं, पन त्याचा चेहरा अजून डोळ्यापुढून जात नाई. माह्या नवऱ्याले सुट्टीत लेकरं घेऊन कोकनात समुद्राकाठी तंबूत राहाचं होतं. म्या तर समुद्र कधी पाह्यलाच नाई. त्यात मोठा लय धावरा अन् धाकटी आताच चालाले लागली.

तो मानूस बोटानं मोबाईलवर फोटो सरकवे अन् दर फोटोले म्हने, "फॅमिली फ्रेंडली, वयनी!" संडास फॅमिली फ्रेंडली, झोका फॅमिली फ्रेंडली, ताटातला पापलेटबी फॅमिली फ्रेंडली.

म्या इचारलं, "भाऊ, तंबूपासून पानी किती दूर हाय? मंधात कुंपन हाय का?"

तो माह्या नवऱ्याकडे पाहून हासला. "समुद्राले कुंपन? वयनी, तुमी लय भेता बाप्पा! लेकरायले पान्याची सवय लावा."

तेवढ्यात त्याच्या बायकोचा फोन आला. आवाज मोठाच होता, आमालेबी आयकू आलं. त्याचा बारका पोरगा कूलरमंधी पानी टाकाच्या बादलीत वाकून राहिला होता.

तो खुर्चीतून उडालाच. "अवं, पाहून काय राहिली? बादली पालथी कर! आधी पालथी कर!"

फोन ठेवून त्यानं घाम पुसला अन् पुन्हा फोटो सरकवाले लागला.

म्या धाकटीले कडेवर घेतलं. "भाऊ, तिथं समुद्र कोन पालथा करन?"

माह्या नवऱ्यानं चपला घातल्या.