गुरुवारचा वर्ग

बिराजदार सिस्टर गेल्या, असा फोन निलंग्याहून त्यांच्या भाचीचा, सुनंदाचा आला, तेव्हा मी नांदेडला वॉर्डात राउंड घेत होतो. “बरं,” एवढंच म्हणालो आणि पुढच्या खाटेकडे गेलो. महिना झाला… त्या दिवशी बाकीचे पेशंट कसे तपासले, आठवत नाही.

सिस्टर नर्सिंगच्या ट्यूटर. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते त्र्याण्णवच्या भूकंपानंतर, लातूरला. मी इंटर्न होतो. त्या नांदेडहून आपल्या विद्यार्थिनी घेऊन आल्या होत्या. माझ्याकडे कोंडाबाई नावाची पेशंट होती. पाय कितीतरी तास दगडमातीखाली दबलेले, पण शुद्धीवर होती, लेकरांची नावं घेत होती. सकाळपासून तिची लघवी बंद झाली होती, म्हणजे मूत्रपिंडं निकामी होत होती. ड्यूटीवरच्या विद्यार्थिनीने ते पाहिलं, कागदावर लिहिलं आणि गप्प बसली. कारण सकाळीच मी तिच्यावर ओरडलो होतो. मी तो कागद पाहिलाच नाही. संध्याकाळी कोंडाबाई गेली. मी त्या मुलीला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं.

सिस्टर मध्ये आल्या. “तिनं लिवलंय, डॉक्टर. तुमी वाचलं न्हाई.” मग म्हणाल्या, “अन् तिला गप ऱ्हायाला म्या शिकवलं. डॉक्टरनं विचारल्याबिगर बोलायचं न्हाई म्हणून. ही बाई आपण तिघांनी मारली.”

पुढे मी नांदेडला शिकवायला लागलो तेव्हा त्यांनी मला गाठलं आणि गुरुवारचा वर्ग सुरू झाला. एमबीबीएसचा, नर्सिंगचा आणि लॅबचा असे तीन विद्यार्थी मिळून एक पेशंट. केस नर्सिंगच्या मुलीने सांगायची, डॉक्टर होणाऱ्याने आधी चादर बदलायची, रक्त स्वतः लॅबमध्ये नेऊन तिथं थांबायचं. वरिष्ठ हसायचे. एकदा एका मुलीने भर वर्गात मला सांगितलं, “सर, डोस चुकतोय.” खरंच चुकत होता. त्या दिवशी सिस्टरांनी सगळ्यांना भजी खाऊ घातली.

मग मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करून घेणाऱ्या लातूरच्या क्लासेसचे दिवस आले. तिथून येणारी मुलं हुशार, कष्टाळू. पण शेजारच्या बाकावरच्याला मागे टाकायचं, एवढंच शिकून आलेली. “मॅडम, याला मार्क किती?” एकाने विचारलं.

“न्हाईत,” सिस्टर म्हणाल्या.

पुढच्या गुरुवारी निम्मी खोली रिकामी. सिस्टर निवृत्त झाल्या आणि दोन वर्षांत मी तो वर्ग बंद केला. विभागप्रमुख मीच होतो. ती वेळ सराव परीक्षांना दिली. कुणी सांगितलं नव्हतं, सोपं पडत होतं म्हणून केलं. त्यांना कळवलं नाही.

शेवटची भेट लातूरच्या एका दवाखान्यात. बोलताना त्यांना धाप लागत होती.

“गुरवारचं चालू हाय न्हवं?”

“आहे, सिस्टर.”

“पोरी बोलत्यात का?”

“बोलतात.”

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, समाधानाने…

दहाव्याला निलंग्याला गेलो. चहा देताना सुनंदा सहज म्हणाली, “वर्ग बंद पडल्याचं कळलं तवा मावशी दोन दिवस जेवली न्हाई.”

“कधीची गोष्ट?”

“लई वर्षं झाली की, सर.”

म्हणजे दवाखान्यात त्यांनी मला विचारलं, ते माहीत असूनच.

गेल्या गुरुवारी मी ती खोली उघडायला लावली. आत परीक्षेचे बाक होते, कुणाला कुणाचं दिसू नये असे लांब लांब मांडलेले. मी त्यातले तीन ओढून जोडले आणि बसलो. थोड्या वेळाने शिपाई दारात आला. “सर, उद्या पेपर हाय,” म्हणाला.

मी उठलो आणि बाक होते तसे लांब सरकवले.