कुलूप नसलेली चावी

आमच्या मालकाचं, म्हंजी माझ्या नवऱ्याचं, नाव आश्रुबा. सेलूत बैलगाडीचं चाक करावं तर आश्रुबा सुतारानंच, असं लोक म्हणायचे. पण ह्या माणसाला त्याचं सुख म्हणून कधी वाटलंच न्हाई. सगळा जीव दुसऱ्याच्या ताटात. शेजारच्या किशनरावाची म्हैस दुभती निघाली तर ह्यांच्या पोटात दुखायचं, न् पोटात दुखलं की भाकरी तशीच परत. मी म्हणायची, "अहो, जळून जळून कोळसा व्हाल." तर म्हणायचे, "तू गप बस."

त्यात आमचा साडू आला. म्हंजी माझ्या धाकट्या बहिणीचा, कोकिळेचा नवरा, भुजंग. हैदराबादेत मोटारीचं काम शिकून आला न् व्यंकटराव जिनवाल्यांच्या, म्हंजी कापसातनं सरकी काढायच्या कारखानदाराच्या, लारीवर मिस्त्री म्हणून लागला. जिनातच पक्की खोली मिळाली. अंगात खाकी कपडे, तोंडात सदा 'हौ' न् 'नक्को'. तवा निजामाचं राज होतं, हैदराबादेहून आलेल्या माणसाचं सगळ्यांनाच कौतुक. त्या लारीचा लाकडी साटा, माल भरायचा मागचा भाग, आमच्या मालकानं केलेला, अस्सल सागवानी. पण लोक बघायला यायचे ते इंजिन, न् मान डोलवायचे भुजंगाकडं बघून. मालक घरी येऊन रंधा आपटायचे. "साट्याकडं एक कुत्रं बघंना!"

आन् मी तरी काय, साधू होते का? कोकिळा लारीत पुढं बसून पिंगळीला पाहुण्याकडं गेली न् आमी बैलगाडीत तिची धूळ खात मागून. मीबी जळाले. खोटं कशाला बोलू.

दसऱ्याच्या तोंडावर लारीच्या मागच्या चाकाचा आस, म्हंजी चाक फिरवणारा दांडा, मोडला. हैदराबादेहून नवा आस आला. भुजंगानं चाक काढून ठेवलं न् बघायला जमलेल्या लोकांना बोटाएवढा लोखंडाचा तुकडा दाखवायला लागला. "साडूभाऊ, याला चावी म्हनते. आसाला खाच, चाकाला खाच, मदे ही चावी. ही हाय म्हनून आसाबरोबर चाक फिरतंय."

"चावी म्हंजी किल्लीच की. मग कुलूप कुठाय?" मालक म्हणाले. सगळे त्या गमतीला हसले. भुजंग मातुर मालकाला हसला, न् ते ह्यांच्या काळजात रुतलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा न्हाई, धुऊन पुसून पाटावर मांडायचं न् पूजा करायची. आमच्या पाटावर वाकस, पटाशा, करवती, गिरमिट, ठेवायला जागा पुरंना. कोकिळा हळदीकुंकवाला आली न् बघतच राहिली. म्हणाली, "अक्का, केवढा गं तुझा पाट भरलाय! भाऊजींच्या हातात किती इद्या हाय. आमचे मिस्त्री म्हणून मिरवतेत, पण निम्मी हत्यारं जिनाची. माझ्या पाटावर नट आवळायचे दोन पाने न् एक हातोडी. लाज वाटायली मला." भुजंग तवा तिथं नव्हता. संध्याकाळी मी तिच्याकडं गेले तर देव्हाऱ्यापुढच्या पाटावर पाने, हातोडी न् मधोमध एक लोखंडाचा तुकडा, कुंकवानं लालभडक. मी ध्यान दिलं न्हाई.

दसऱ्याला सकाळी घाईघाईत भुजंगानं चाक बसवलं, हार घालून रिकामी लारी जिनात फिरवली. लोकांनी टाळ्या पिटल्या. मालक दिवसभर जेवले न्हाईत.

आन् मग तिसऱ्या दिवशी सरकीची पोती भरली, परभणीला न्यायला. इंजिन सुरू, गेर पडला, घरघर लय, पण लारी हलंना! भुजंगानं इंजिन उघडलं, गेरची पेटी उघडली, घामाघूम झाला. व्यंकटराव ओट्यावरून वरडले, "उद्या सकाळी लारी हलली न्हाई तर खोली खाली कर. मी दुसरा मिस्त्री आणतो."

मालक तिथंच होते. सगळे इंजिनात डोकं घालून बसले तवा ह्यांनी गेरूनं मागच्या चाकावर एक रेघ ओढली, आसाच्या टोकापासून चाकापर्यंत, आमी सुतार लाकडावर ओढतो तशी. भुजंगानं परत गेर टाकला. आसावरची रेघ गरगर फिरली, चाकावरची जागच्या जागी.

दिवेलागणीला घरी आले ते कसे, नवरदेवावानी! "वच्छला, वाढ. भूक लागलीय. त्यानं ती चावीच बसवली न्हाई. आस मोकळाच फिरायलाय. रिकामी होती तवर नुसत्या नटाच्या आवळण्यावर चालली, वजन पडलं न् घसरली. एक चाक असं मोकळं झालं की दुसरंबी ओढत न्हाई."

"सांगितलं का त्याला?"

"मी कशाला सांगू? हैदराबादेत शिकलाय न्हवं. उद्या जाईल परत."

मी परात खाली ठेवली. कोकिळेवर कितीबी जळत असले तरी ती माझ्या पाठची. "अहो," म्हणलं, "पाटावरचा तो तुकडा! ती चावी कोकिळेच्या देव्हाऱ्यात हाय. कुंकू लावून पुजलीय तिनं!"

मालक जे हसायला लागले ते खालीच बसले. मग डोळे पुसत म्हणाले, "पण ठेवली कशाला तिनं?"

"तुमच्यापायी. तुमच्या हत्यारानं भरलेला पाट बघून तिला आपला कमी वाटला." न् कोकिळा जे बोलली ते सगळं सांगितलं.

हसणं थांबलं. "माझ्या वाकसाचा हेवा? कोकिळेला?"

"तर काय."

गडी उठला, ताट तसंच ठेवून. मला वाटलं, हे आता व्यंकटरावाला सांगायला चालले. पदर सावरत मागं पळाले. पण हे सरळ कोकिळेच्या खोलीत शिरले, देव्हाऱ्यातनं तो तुकडा उचलला, धोतराला कुंकू पुसलं न् डोकं धरून बसलेल्या भुजंगाच्या हातावर ठेवला.

"साडूभाऊ, ह्या चावीचं कुलूप सापडलं. तुमचं मागचं चाक."

भुजंगानं चावीकडं बघितलं, कोकिळेकडं बघितलं. ती रडायला लागली. त्यानं ह्यांचे पाय धरले. हे म्हणाले, "नक्को, नक्को."

सकाळी पोती भरलेली लारी जिनाच्या बाहेर पडली. व्यंकटरावानं सगळ्यांदेखत भुजंगाला फेटा बांधला. मी चोरून मालकाकडं बघितलं. म्हणलं, आता पेटतंय हे माणूस, आज परत उपास.

घरी आले, पाटावर बसले. म्हणाले, "वच्छला, कोकिळा काय म्हणाली होती ते परत सांग."

मी सांगितलं.

"इद्या म्हणाली?"

"इद्या म्हणाली."

मग खाली बघून विचारलं, "भुजंगासमोर म्हणाली का?"

मी म्हणलं, "हौ. त्याच्या तोंडावर."

त्या दिवशी माणसानं चार भाकरी खाल्ल्या.