कंपाउंडरांची वाईन

मी आयुष्यात जेवढा म्हणून रागावलो, त्यातला निम्माअधिक राग एकट्या आमच्या शेजारच्या कंपाउंडरांनी खाल्ला. उरलेला बायको, शाळेचे हेडमास्तर आणि आगबोट यांना वाटून घ्यावा लागला. आमची दोघांची घरं श्रीवर्धनात सुपारीच्या वाडीला लागून, मध्ये जांभ्या दगडाचा कमरेएवढा गडगा. त्या गडग्याच्या अलीकडे उभा राहून मी वर्षानुवर्षं त्यांच्याशी भांडलो आणि दर वेळी हरलो. याचं कारण ते हुशार होते असं नाही. ते ऐकतच नसत.

कंपाउंडर बेने इस्राएल, म्हणजे आपले कोकणातले ज्यू. त्यांच्या आज्याचा तेलाचा घाणा होता आणि तो शनिवारी बंद असे, म्हणून गावातली जुनी माणसं त्यांना अजून शनवार तेलीच म्हणत. हे स्वतः मात्र दवाखान्यात चिकटले आणि औषधाच्या बाटल्या भरता भरता त्यांच्या डोक्यात एक खूळ बसलं. बाटलीवर जे लिहिलंय तेच आत असलं पाहिजे, आणि आत जे आहे तेच बाटलीवर लिहिलं पाहिजे. दवाखान्यात हे ठीक आहे हो, पण हा गृहस्थ सगळ्या जगाला बाटली समजे. रडणाऱ्या पोराला आई म्हणायची, "घे रे, गोड आहे," की हे आतून ओरडायचे, "कडू आहे. रडायचं तर आधी रडून घे." लग्नात कुणी आग्रहाने लाडू वाढला आणि कसा झालाय विचारलं, की हे सांगून मोकळे, "पाक चुकलाय." माझ्या बायकोने हौसेने विणलेला स्वेटर त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि पोतं म्हणून चांगलं आहे असं मत दिलं. ती महिनाभर माझ्यावर धुमसत होती, जसा काही तो माझाच भाऊ.

खाण्यापिण्यात तर विचारूच नका. दारात समुद्र, आणि या माणसाला कोलंबी चालत नाही, खेकडा चालत नाही, तिसऱ्या चालत नाहीत. खवलं असलेला मासा तेवढा चालतो. बाजारात हे कोळणीच्या टोपलीवर वाकून प्रत्येक मासा नखाने खरवडून बघत. एकदा ती वैतागून म्हणाली, "ओ कंपाउंडर, मासा हाय तो, नवरी न्हाय. किती बगाल?" यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. आणखी एक खोड म्हणजे, कुठलीही पातळ गोष्ट पिण्याआधी हलवायची. औषध हलवून घ्यावे, हे ठाऊक आहे. पण हे चहाचा कपसुद्धा गोल गोल हलवत आणि माझ्या धोतरावर सांडत.

आता त्या वाईनबद्दल सांगतो, कारण सगळा राग तिथूनच सुरू होतो. शुक्रवारी सूर्य बुडला की त्यांचा शब्बाथ, म्हणजे शनिवारचा पवित्र विसावा, लागे. त्या जेवणाआधी पेला हातात धरून, उभं राहून, द्राक्षवेलीचं फळ निर्माण करणाऱ्या देवाचं स्तवन करायचं आणि मग तोच पेला घरादाराने चाखायचा, अशी त्यांची रीत. त्याला ते किद्दुश म्हणत. कोकणात द्राक्षं कुठली? म्हणून त्यांचे पूर्वज काळ्या मनुका आणत, भिजत घालत, हाताने कुस्करत आणि फडक्यातून गाळत. शुक्रवारी सकाळपासून कंपाउंडरांच्या ओटीवर हाच उद्योग चाले. रस दवाखान्यातल्या धुतलेल्या बाटलीत भरायचा, बूच लावायचं आणि वर डिंक लावलेल्या कागदावर लाल शाईने लिहायचं: वाईन.

लहान पोराने प्यावं असं निर्मळ मनुकांचं पाणी ते. त्यातली एक वाटी दर शुक्रवारी गडग्यावरून आमच्याकडे येई. माझ्या आईचा नेम असा की कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही. मग त्याच वाटीतून कधी नारळाची वडी जाई, कधी फणसाचे गरे, काहीच नसलं तर चिमूटभर साखर. आई ते पिताना म्हणे, "सरबत झकास झालंय हो." आणि पलीकडून आवाज येई, "वाईन आहे, आई."

एरवी कुणाचं काही बिघडलं नसतं, पण तेवढ्यात दारूबंदी आली. मी गडग्यापाशी जाऊन हात जोडले. म्हटलं, कंपाउंडर, दिवस वाईट आहेत, ते लेबल काढा आणि सरबत म्हणा. ते म्हणाले, "मास्तर, सरबतावर कुणी देवाचं नाव घेतं का? माझ्या बापाने वाईन म्हटलं, त्याच्या बापाने वाईन म्हटलं. मी सरबत म्हटलं तर त्या सगळ्यांची बाटली खोटी." व्हायचं तेच झालं. कुणीतरी चुगली केली, फौजदार आले. यांनी बाटली पुढे ठेवून, मोठ्या अदबीने, वाईन आहे म्हणून कबुली दिली. फौजदारांनी वास घेतला, घोट घेतला, मग पेलाभर घेतला, आणि जाताना बायकोच्या खोकल्यासाठी उरलेली बाटली घेऊन गेले. मी मात्र तोवर जामिनासाठी कोट चढवून तयार होतो. असला संताप आला म्हणता!

माझी धाकटी बहीण कुसुम. वडील गेल्यावर तिचं लग्न माझ्या गळ्याशी होतं. विषमज्वरात तिचे केस गेले होते ते पुन्हा धड आलेच नाहीत, आणि येणारा प्रत्येक पाहुणा पोहे खाऊन तिच्या डोक्याकडे बघत निघून जाई. त्या विषमज्वरात तिच्या उशाशी बसून राहिले होते ते कंपाउंडर. तिला ते "जगशील की नाही ते सांगता येत नाही, पण औषध घे" असं म्हणत, आणि का कोण जाणे, ती त्यांचंच ऐके. शेवटी मुंबईचं एक स्थळ चालून आलं. मुलाला मुलगी पसंत होती. बोलणी पक्की करायला मुलाचे वडील श्रीवर्धनला येणार होते आणि त्यांना आणायला मी मुंबईला गेलो. गृहस्थ सज्जन; पण दारूबंदीचे कट्टर प्रचारक, गावोगाव भाषणं देत हिंडणारे. बोटीवर पाय ठेवायच्या आधीच त्यांनी मला बजावलं, "मास्तर, ज्या घरात बाटली शिरली त्या घरची मुलगी मला नको."

मी तिकिटं वरच्या वर्गाची काढली होती, छाप पडावी म्हणून. वर जाऊन बघतो तर आमचे कंपाउंडर औषधांच्या पेट्यांवर हात ठेवून बसलेले! दवाखान्याची औषधं खालच्या तुतकावर, उघड्या डेकवर, उन्हात तापू नयेत म्हणून त्यांनाही वरचं तिकीट मिळालं होतं. वार शुक्रवार. शुक्रवारच्या प्रवासात यांच्या खिशात ती बाटली असायचीच. पण बोट दिवसाउजेडी श्रीवर्धनला लागायची होती, म्हणून मी निर्धास्त राहिलो. या आगबोटीवर विश्वास ठेवला हे माझं चुकलंच. जंजिऱ्याच्या पुढे दिघीच्या समोर आल्यावर तिचं यंत्र बंद पडलं आणि ती मेलेल्या म्हशीसारखी पाण्यावर डुलत राहिली. सूर्य खाली चालला. इतक्यात वरच्या वर्गाच्या जेवणाची घंटा झाली.

मी कंपाउंडरांना बाजूला गाठलं आणि काकुळतीने सांगितलं, की आज त्या बाटलीचं तोंड दाखवू नका, कुसुमच्या जन्माचा प्रश्न आहे. हवं तर इथंच पेट्यांआड उरकून घ्या. ते म्हणाले की जिथं जेवण तिथंच किद्दुश, पेट्यांआड चोर पितात. आणि खरोखरच हा माणूस डोक्यावर टोपी घालून आमच्याच टेबलाशी येऊन बसला. पुढ्यात दोन पाव रुमालाखाली झाकून ठेवले, खिशातून बाटली काढली, हलवली आणि टेबलाच्या मधोमध ठेवली. लाल अक्षरं थेट मुलाच्या वडिलांकडे तोंड करून.

आधी धावला तो गोव्याचा म्हातारा बटलर. पूर्वी साहेबलोक आपली बाटली घेऊन यायचे, आम्ही बूच काढायचे पैसे घ्यायचो, पण आता बंदी आहे, कप्तान मला समुद्रात टाकील, असं तो कळवळून सांगू लागला. कंपाउंडर म्हणाले की बूच मी स्वतःच काढतो. मुलाच्या वडिलांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि लेबल वाचलं. त्यांचा चेहरा असा काही झाला की मी घाईघाईने बोलून गेलो, अहो, ते मनुकांचं सरबत आहे, आमचे शेजारी जरा विक्षिप्त आहेत.

"मी तुम्हाला विचारलेलं नाही," ते म्हणाले आणि कंपाउंडरांकडे वळले. "तुमची बाटली ना? तुम्ही सांगा. काय आहे यात?"

कंपाउंडरांनी माझ्याकडे पाहिलं.   मग त्यांनी बाटली मांडीवर घेतली आणि, मासा खरवडावा तसं, नखाने ते लेबल खरवडून काढलं. कागदाचे कपटे टेबलावरून गोळा करून खिशात टाकले.

"सरबत आहे," ते म्हणाले. "मनुकांचं."

मुलाच्या वडिलांनी वास घेतला, घोट घेतला आणि ते खूष झाले. दारूला असा सात्त्विक पर्याय घरोघरी पोचला पाहिजे म्हणत त्यांनी दुसरा पेला भरला, मग तिसरा. बाटली त्यांनीच संपवली. कंपाउंडर स्तवनाला उभे राहिले नाहीत. पावावर हात ठेवून ते काहीतरी पुटपुटले आणि कोरडा पाव चावत बसले. वर्षानुवर्षं ज्या एका शब्दासाठी मी डोकं फोडून घेत होतो तो शब्द मला मिळाला होता, बहिणीचं लग्न ठरलं होतं, आणि मला मात्र त्या माणसाचा असा राग आला की टेबल उलथून टाकावंसं वाटलं. तू का ऐकलंस? जन्मात कुणाचं ऐकलं नाहीस, मग आजच कशाला ऐकलंस?

कुसुमचं लग्न थाटात झालं. तिचे सासरे पुढे प्रत्येक भाषणात श्रीवर्धनच्या सरबताचा दाखला देत. गडग्यावरून वाटी येत राहिली, पण बाटलीवर पुन्हा लेबल दिसलं नाही. आई एकदा मुद्दाम म्हणाली, "काय कंपाउंडर, वाईन पाठवली का?" पलीकडून उत्तर आलं, "सरबत आहे, आई." तिला ते सोसलं नाही, ती आत निघून गेली.

मग त्यांचे मुलगे ज्यूंसाठी झालेल्या त्या नव्या देशात गेले आणि म्हातारपणी यांनाही बोलावणं आलं. मी भडकलो. म्हटलं, इथली माती, इथली खाडी, इथली खवलं सोडून कुठं निघालात? ते म्हणाले, "मुलं तिकडे आहेत, मास्तर." यावर काय भांडणार? तरी भांडलो. मुंबईच्या गोदीपर्यंत सोडायला गेलो तो भांडतच गेलो. कुसुमही आली होती, पदर डोक्यावरून घेऊन, मुसमुसत. योगायोगाने तोही शुक्रवार होता. मोठी परदेशी बोट, तिच्यावर म्हणे जेवताना हवी ती दारू मिळते. पण कंपाउंडरांच्या पिशवीत आपली दवाखान्याची बाटली होतीच. कस्टमच्या तरण्या अंमलदाराने ती बाहेर काढली, उजेडात धरली आणि काय आहे म्हणून विचारलं.

कंपाउंडर टोपी सावरत खालमानेने म्हणाले, "सरबत आहे, साहेब."

तेव्हा माझा तोल गेला. सगळी गोदी वळून बघू लागली इतक्या मोठ्याने मी ओरडलो, "वाईन आहे ती!"

अंमलदाराने बूच काढून हुंगलं आणि तो हसला. म्हणाला, "काका, हे साधं मनुकांचं पाणी आहे. वाईन असती तर तुम्हालाच आत टाकावं लागलं असतं." मी म्हटलं, खुशाल टाका. माझ्या शेजाऱ्याच्या बापाने वाईन म्हटलं, त्याच्या बापाने वाईन म्हटलं, तुम्ही कालचे कोण सांगणारे? त्याने वैतागून बाटली परत दिली आणि पुढचा माणूस बोलावला.

 कंपाउंडरांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. डिंक लावलेला कागद या माणसाच्या खिशात अजून होता! तो जिभेवर ओला करून त्यांनी बाटलीवर चिकटवला आणि बाटली माझ्यापुढे धरली.

"माझा हात कापतो," ते म्हणाले. "तुम्ही लिहा, मास्तर."

मी लिहिलं. शाळेतली लाल पेन्सिल होती, तिने ठळक लिहिलं. त्यांनी ते अक्षर वाचलं, बाटली एकदा हलवली आणि शिडी चढून गेले. मागे वळून पाहिलं नाही. त्याही हट्टाचा मला राग आहे.

आता पलीकडच्या घरात दुसरी माणसं राहतात. चांगली आहेत, माझ्याशी भांडत नाहीत. ते जाण्याआधीच्या शुक्रवारी आलेली वाटी मात्र आमच्या फडताळात तशीच आहे. निघायच्या गडबडीत ती परत द्यायची राहिली. आई गेली त्या वर्षापर्यंत दर शुक्रवारी ती घासून ठेवी, आणि रिकामी कशी ठेवायची म्हणून तिच्यात चिमूटभर साखर घाली. आता ते काम माझ्याकडे आलं आहे. साखरेला मुंग्या लागतात, मी कंपाउंडरांच्या नावाने बोटं मोडतो, वाटी धुतो आणि पुन्हा साखर घालून ठेवतो.