टोपीविना जाऊबाई

धाकटी सून लाँड्रीत इस्त्री करायची. दिवसभर लोकांच्या कॉलरी सरळ करून घरी आली, की तिला काहीतरी स्वतःचं करावंसं वाटे, म्हणून तिनं विणकाम धरलं. पहिला मफलर सासऱ्यांसाठी. सुलट-उलट टाके, एवढंच तिला येत होतं. कडा वाकड्यातिकड्या, मध्येच टाका सुटून पडलेलं भोक. पण सासऱ्यांनी तो गळ्यात घालून आरशात मान वळवून वळवून पाहिलं होतं.

पुढं एकदा घरी पाहुणे आले असताना तिला तो मफलर मागच्या अंगणात दिसला. पाण्याच्या पाइपाला गुंडाळलेला. काम मोठ्या जाऊबाईंचं.

"अगं, पाइपालाही थंडी वाजते ना!" जाऊबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या. "आणि मामंजींपेक्षा त्यालाच जास्त शोभतो!"

पाहुणे खो-खो हसले. धाकटीचा नवराही हसला, ते मात्र तिच्या जिव्हारी लागलं. ती चहाचे कप उचलून आत गेली आणि मनाशी म्हणाली, थांबा जाऊबाई, तुम्हाला चारचौघांत उघडं पाडलं नाही तर बघा.

ती इरेलाच पेटली. लाँड्रीत कपडे टाकायला येणारी एक नर्स विणकामात तरबेज होती. धाकटीनं तिची पाठ सोडली नाही.

"मफलर म्हणजे नाकासमोरचा रस्ता," नर्स म्हणाली. "आता वळायला शीक."

आधी कान झाकायची पट्टी झाली. मग गोल सुईवर टोपी. माथ्याशी आल्यावर दोन-दोन टाके एकत्र घेऊन घेर आवळत न्यायचा, ते तिला उमगेना. पहिली टोपी भोपळ्यावर घालण्याजोगी झाली. तिनं ती उसवली, दुसरीही उसवली. बिनबोटांच्या हातमोज्यात अंगठ्याचे टाके वेगळ्या दोऱ्यावर अडकवून ठेवायचे आणि शेवटी उचलून विणायचे, हे जमेपर्यंत तिची बोटं आखडली. पण दर टाक्याला ती मनातल्या मनात जाऊबाईंना एक टोला हाणत होती, त्यामुळे कंटाळा कसला तो आला नाही.

थंडी पडली तशी तिनं वाटावाटी केली. सगळं एकाच गडद लाल रंगाचं. सासऱ्यांना टोपी, भाऊजींना टोपी, जाऊबाईंच्या लेकीला टोपी नि हातमोजे. नवऱ्यालाही दिली, फक्त त्याची लोकर मुद्दाम टोचरी घेतली. हसला होता ना, आता खाजव म्हणावं. जाऊबाईंना काहीच नाही.

सासऱ्यांना सगळ्या घराचा एक फोटो हवा होता. "अंगणातच काढू या, उजेड चांगला असतो," धाकटीनं सुचवलं. सकाळच्या बोचऱ्या वाऱ्यात सगळे लाल टोप्या घालून उभे राहिले. जाऊबाई मधोमध, उघड्या डोक्यानं, कान लालेलाल.

फोटोग्राफरनं कॅमेऱ्यातून पाहिलं. "त्या बाई पाहुण्या आहेत का? त्यांना जरा कडेला घ्या."

कोणी हसलं नाही. जाऊबाई मुकाट्यानं कडेला सरकल्या. धाकटीला आतून अशा गुदगुल्या झाल्या, की फोटोत तिचंच हसू सगळ्यात मोठं आलं.

तो फोटो बाहेरच्या खोलीत लागला. येता-जाता ती त्यावरून फडकं फिरवायची, धूळ असो नसो.

काही दिवसांनी पुतणी आली. "काकू, आईलाही एक टोपी कर ना."

"लोकर संपली म्हणून सांग."

"मग मला शिकव. मी दुसऱ्या रंगाची करते."

नाही म्हणायला तोंड उघडेना. पोर शेजारी बसून विणू लागली. घेर चुकतोय, टाके जास्त झालेत, हे धाकटीला पहिल्या दोन ओळींतच दिसलं. टोपी कुणासाठी आहे ते आठवलं आणि ती गप्प बसली. होऊ दे ढगळ. पडू दे डोळ्यांवर.

टोपी तशीच झाली. जाऊबाईंच्या भुवया पार झाकल्या. आणि जाऊबाई ती घालून बाजारात गेल्या, शेजारी गेल्या, वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगत सुटल्या, "माझ्या पोरीनं केलीय!" वारा सुटला की टोपी नाकावर यायची. त्या ती हातानं वर ढकलायच्या आणि पुन्हा सांगायला लागायच्या.

धाकटी खिडकीतून बघत राहिली. तिचा नुसता जळफळाट झाला. एवढा चोख सूड, आणि बाईच्या चेहऱ्यावर त्याचा मागमूस नाही!

जाऊबाईंशी ती आजही कामापुरतंच बोलते. पुतणी मात्र संध्याकाळी लोकर घेऊन येते. आता हातमोजे चाललेत, तेही आईसाठीच. परवा अंगठ्यापाशी पोरीचा टाका सुटला. धाकटीनं आधी मुद्दाम खिडकीबाहेर पाहिलं.

"दे इकडे," शेवटी ती खेकसली. "ही ओळ उसवावी लागेल. आणि नीट बघ मी टाका कसा उचलते ते."