उन्हासमोरची मेंढरं

बाबांचा लालबागला फोटो स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, बारशी, साखरपुडे, सगळं त्यांनी केलं. गुडघे बोलायला लागले तेव्हा तो बंद केला आणि ते डिलाईल रोडला माझ्याकडे राहायला आले. त्यानंतर कॅमेऱ्याला हात लावेनात. मी ऑफिस सांभाळून फोटो काढायला शिकत होते. दाखवले की "बरे आलेत" म्हणायचे आणि पुन्हा पेपर उघडायचे.

थंडीत आम्ही सासवडजवळ माझ्या मावसबहिणीकडे गेलो. संध्याकाळी बाबांना घेऊन गावाबाहेर फिरायला निघाले. बाजरी काढून मोकळ्या झालेल्या एका रानात धनगरांचा मुक्काम होता आणि चरायला गेलेली मेंढरं उतारावरून परत येत होती. त्यांच्या मागे सूर्य पार खाली आलेला. धूळ नुसती उजळून निघाली होती. मी बांधावर गुडघे टेकले.

"अगं, सूर्य समोर आहे," बाबा म्हणाले. "सगळं काळं येईल. पलीकडून काढ."

"पलीकडून हे ऊन कसं मिळेल?"

दोनतीन फोटो काढले. सगळे धुरकट. त्यांना दाखवले तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि बराच वेळ पाहत राहिले.

"भिंगावर ऊन पडतंय. थांब." डोक्यावरची टोपी काढून त्यांनी ती माझ्या भिंगाच्या वर आडोशासारखी धरली. "आता बघ."

मी आणखी एक काढला. टोपीची कड फोटोत आली.

"बाबा, जरा वर."

"मला शिकवतेस?" म्हणत हसले, पण टोपी वर घेतली.

आता मेंढरं नीट दिसायला लागली. अंगं काळी, पण लोकरीच्या कडेनं लखलखीत रेघ. कानांतून ऊन आरपार जाऊन ते लालसर झालेले. मी काढत सुटले.

कळपाच्या मागून एक बाई येत होती, काखेत कोकरू. "बघू वो, काय काढलं?" तिनं पाहिलं. "मेंढरं झ्याक आल्यात. पर ही कोण काळीमिट्ट? मी हाय का?"

मी ओशाळले. बाबांनी मात्र सरळ माझ्या हातातून कॅमेरा घेतला. "तुमचा मी काढतो. इकडे या, उन्हाकडे तोंड करा. हनुवटी किंचित खाली. हां."

कोकरू काही थारेना. बाबांनी स्टुडिओत तान्ह्या बाळांसाठी वाजवायचे तशी चुटकी वाजवली. कोकरानं चमकून पाहिलं, बाई खळखळून हसली, आणि फोटो झाला. असा फोटो मला अजून जमत नाही.

बाईचा तो फोटो आणि मेंढरांचा एक दादरला छापून घेतले. बाईचा बहिणीकडे पाठवला. बहिणीचा फोन आला, की बाईनं तो सगळ्या वस्तीला दाखवून आणला आणि आता लुगड्याच्या घडीत जपून ठेवलाय.

मेंढरांचा आमच्या भिंतीवर लावला. शेजारच्या मालवणी काकू बघून म्हणाल्या, "मेंढरांच्या अंगाक लायटी लावल्यात काय?"

बाबा खुर्ची ओढून बसले आणि त्यांना सूर्य कुठे होता तिथपासून सांगायला लागले. मी आत चहा टाकला, काकूंचाही.