आयेनं ओ दिली नाही

नवस मला कधी पटला नाही. देवापुढे मी हात जोडते, पण 'तू हे दे, मग मी ते देईन' असं त्याला सांगायला माझी जीभ रेटत नसे. शिकलेली आहे ना, म्हणून, असं आमचे नातेवाईक म्हणतात. असेलही. आमच्या माजिवड्याच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. आजा मिठागरात, बाप मिठागरात, आयेनंही लग्न झाल्यावर डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिल्या. त्या घरातून एम.ए., बी.एड. होऊन मी डोंबिवलीच्या एका ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवते. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

मागच्या वर्षी माझ्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ साधी होती, घरात पेढे वाटले, आणि माझा आवाज गेला. तोंड उघडलं की नुसती हवा. डॉक्टर म्हणाले, आवाजाची नस दुखावली आहे, धीर धरा, येईल. नाही आला तर पुढचं पुढे बघू. वर्गात उभं राहून बोलण्यावर जिचं पोट आहे तिला हे 'पुढचं पुढे' किती जड जातं ते मी सांगत नाही. पण खरा त्रास वेगळाच होता. नवऱ्याशी, पोरांशी मी मोबाइलवर टाइप करून बोलायची. आयेला वाचता येत नाही. तिच्याशी बोलायचा माझ्याकडे एकच मार्ग होता आणि तोच बंद पडला होता. ती रोज यायची, समोर बसायची, माझ्या ओठांकडे बघत राहायची आणि निघून जायची.

त्याच दिवसांत तिनं वरच्या आईला नवस केला. ठाण्याच्या डोक्यावर जे येऊरचं रान आहे, त्यात आत, एका मोठ्या धबधब्याच्या वरच्या अंगाला शेंदूर लावलेला तांदळा आहे. देऊळ नाही, छप्पर नाही, कुंभ्याच्या झाडाखाली नुसता दगड. आयेच्या माहेरची ही देवी. तिच्याकडे मोठं काही मागितलं तर फेडायला मुक्या वाटेनं जायचं असतं. रान सुरू झालं की देवीसमोर उभं राहीपर्यंत बोलायचं नाही आणि मागे वळून बघायचं नाही. वाहायची घंटासुद्धा मुकी न्यायची, लोलकाला कापड गुंडाळून. मध्येच तोंडातून शब्द निघाला तर देवीनं दिलेलं परत जातं, असं समजतात. आयेचा नवस साधा होता. माझ्या लेकीचा आवाज येऊ दे, मी मुक्यानं तुझ्या पायाशी येईन.

आवाज हळूहळू आला. आधी घोगरा, मग चिरका, मग माझा. मी म्हटलं, डॉक्टरांनी शिकवलेले व्यायाम रोज केले, त्याचं फळ. गौरी-गणपती झाल्यावर मात्र आये घंटा आणि ओटी पिशवीत भरून दारात उभी राहिली. "चल गो, देवीचा देना र्‍हायलाय." तिचे गुडघे बघता तिला एकटीला पाठवणं शक्यच नव्हतं. म्हणून गेले. श्रद्धेनं गेले असं म्हणणार नाही.

सकाळ मात्र सुंदर होती. पाऊस उघडलेला, उतारभर तेरड्याची गुलाबी फुलं, सागाच्या रुंद पानांवरून अजून पाणी टपकत होतं. थोडं चाललं की एक छोटा धबधबा, त्याच्या पुढे दुसरा. वाट एकेरी होती. फांद्या बाजूला सारायला मी पुढे, काठी टेकत आये मागे. एकदा मी तिला हात द्यायला वळले, तर तिनं डोळे मोठे करून बोटानं पुढे दाखवलं. मागे बघायचं नाही! मी हसले आणि म्हटलं, ठीक आहे, तुझा नवस, तुझे नियम. त्यानंतर तिच्या काठीच्या आवाजावर भरवसा ठेवून चालत राहिले. पुढे मोठ्या धबधब्याचा आवाज वाढत गेला आणि त्यात काठीचा आवाज कधी बुडाला ते कळलंच नाही. धबधब्यासमोरच्या कातळावर पोचले, नियम गेला खड्ड्यात म्हणून वळले, तर मागे कुणी नव्हतं.

"आये!" मी हाक मारली. मग पळत मागे गेले. वाट दोन ओहळ ओलांडत होती आणि दोन्हीकडे शेवाळलेले दगड होते. "आये! कुठे आहेस?" डॉक्टरांनी मला ओरडायची सक्त मनाई केली होती. ती मी पार विसरले. आधी मला तिचा राग आला, कारण मला पक्कं ठाऊक होतं, ऐकू आलं तरी ही बाई ओ देणार नाही. मग तोच विचार उलटला. ती गप्प आहे ती नवसामुळे की पडून शुद्ध हरपली म्हणून, हे मला समजायचं कसं? ओहळाचं पाणी मघाशी नितळ होतं, ते आता तांबडं झालं होतं. म्हणजे वर कुठेतरी पाऊस पडत होता आणि पाणी चढणार होतं.

मी त्या दगडांत उभी राहून, जे कधी केलं नव्हतं ते केलं. देवीला म्हटलं, आई, मला मागता येत नाही. माझा आवाज हवा तर परत घे. कायमचा घे. पण माझी आये मला दे.

पुन्हा हाका मारत सुटले. खालच्या बाजूला स्पीकरवर गाणी दणदणत होती. चार पोरं पाण्यात पाय सोडून वेफर्स खात बसलेली. एरवी रानात असला गोंगाट करणाऱ्यांना मी दोन शब्द ऐकवले असते. त्या दिवशी त्यांच्यासमोर जाऊन रडायलाच लागले. लाल टोपी घातलेल्यानं चटकन स्पीकर बंद केला. "ताई, काय झालं? बसा आधी. कोण हरवलंय?"

आणि गाणं थांबल्या थांबल्या मला घंटा ऐकू आली. बारीक, थांबून थांबून, डावीकडच्या घळीतून. मला वाटलं, आयेनं कापड सोडलं, ती घंटा वाजवतेय! मी धावले, पोरं माझ्या मागे. घळीच्या तोंडाशी एक गाय उभी होती, तांबडी, कुणाची तरी चरायला सोडलेली. मान हलवली की तिच्या गळ्यातली घंटा वाजत होती. माझी आशा पुन्हा मावळली. पण गाय जिकडे बघत होती तिकडे मी बघितलं. खाली, पाण्याला लागून असलेल्या दगडाच्या सपाट फडीवर आये बसली होती. एक पाय सुजलेला, काठी वाहून गेलेली, पिशवी छातीशी धरलेली. पाणी तिच्या पावलांना लागलं होतं. मला बघून ती हसली. बोलली मात्र नाही.

"बोल की गं काहीतरी! लागलंय का?" मी ओरडत होते, रडत होते. ती फक्त पिशवी उंच धरून दाखवत होती, घंटा सुखरूप आहे म्हणून.

पोरांनी हाताला हात धरून साखळी केली आणि तिला वर घेतलं. लाल टोपीवाला सारखा विचारत होता, "मावशी, दुखतंय का? इथे? का इथे?" मी त्याला मुक्या वाटेचं सांगितलं.

"काय सांगता! एक शब्दपण नाही?"

त्याचा मित्र म्हणाला, "अरे, तुझ्या मम्मीला पाठव ना एकदा या वाटेनं."

"गप रे. मम्मीला पाठवली तर देवीच म्हणेल, बाई, तू घरी जा." आयेचं पोट हसून हलत होतं, पण ओठ घट्ट मिटलेले. मी म्हटलं, हिला खाली गावात नेऊया. आयेनं जोरात मान हलवली आणि वर बोट दाखवलं. पोरांनी माझ्याकडे बघितलं. ज्या देवीशी मघाशी एवढं बोलून बसले होते तिच्या दाराशी येऊन परत फिरायची माझी हिंमत नव्हती. त्या पोरांनी आळीपाळीनं तिला पाठुंगळी घेऊन वर नेलं. स्पीकर खाली दगडावर तसाच राहिला, त्याची कुणाला आठवण नव्हती.

तांदळ्यासमोर आयेनं ओटी भरली. घंटेचं कापड सोडलं, गाठ अजून पक्की होती. लाल टोपीवाल्यानं घंटा फांदीला बांधली, टोपी काढून खिशात घातली. आयेनं घंटा वाजवली आणि माझ्याकडे वळून तोंड उघडलं.

"काय मोठा आवाज गो तुजा! सगला रान आयकत व्हता."

मला राग, हसू, रडू सगळं एकदम आलं. "तू ऐकत होतीस? आणि मी तिकडे मरत होते! एक ओ दिली असतीस तर?"

"देवीनं दिला तो आवाज मी आयकत बसलेली. ओ देऊन परत घालवू काय?"

"पाणी चढत होतं आये. भीती नाही वाटली?"

ती मला वेड्यात काढल्यासारखी बघायला लागली. "भ्या कसला? तुजा आवाज जवल येत व्हता ना."

ओहळ ओलांडताना घसरून आयेचा पाय मुरगळला होता, तुटला नव्हता. काही दिवसांत ती चालायला लागली. माझा घसा दोन दिवस बसला आणि तिसऱ्या दिवशी सुटला. मी देऊ केलेला आवाज देवीनं घेतला नाही. ती गाय कुणाची, नेमकी तिथे का उभी होती, गाणं त्याच क्षणी थांबलं नसतं तर काय, यावर मी वाद घालत नाही. नस तिच्या तिच्या वेळेनं जुळली असेल, गाय पाण्याला आली असेल. मला तेवढं पुरतं, आणि तरीही हात जोडावेसे वाटतात.

आजही अडचण आली की मी आधी धावाधाव करते, माझा स्वभावच तो. पण मग कधीतरी थांबते आणि त्या फडीवर बसलेल्या आयेला आठवते. पायाशी पाणी, समोर वाट नाही, ओ द्यायची नाही, आणि चेहरा असा निवांत की जणू घरच्या ओट्यावर बसली आहे. तिच्या हातात करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. कुणीतरी आपल्याला शोधत येतंय, एवढं तिला ऐकू येत होतं. शरण जाणं म्हणजे काय, हे पुस्तकांतून मला कधी नीट उमगलं नव्हतं. आता वाटतं, ते एवढंच असावं. आई, तू मला माझी आये दिलीस. आवाजही राहू दिलास. त्या आवाजात आज तुझं नाव घेते.