हातांचे मार्क

एमबीबीएसला असताना मी एक छोटं संशोधन अंगावर घेतलं होतं. यंत्रमागावर ज्यांची बोटं कापली आणि आतली दोरीसारखी नस शिवावी लागली, त्यांना काही महिन्यांनी तो हात कितपत वापरता येतो, एवढंच शोधायचं होतं. पण टाके निघाले की आमचा पेशंट दवाखान्याचं तोंड पाहत नाही, थेट खात्यावर जातो. खातं म्हणजे मागांची शेड, सुरतेत सगळे तिला तसंच म्हणतात. तेव्हा तो येत नसेल तर आपणच त्याच्या घरी जाऊ, असं मी ठरवलं.

सुरतेच्या उधना भागात घरोघरी फिरायला मला कुणाच्या ओळखीची गरज नव्हती. माझे वडील तिथल्याच मराठी शाळेत शिक्षक. निम्म्या पेशंटांची मुलं त्यांच्या हाताखालून गेलेली. मूळचे आम्हीही खानदेशातले, त्यामुळे दारात मोपेड लावली की आतून हाक यायची, ‘सरनी आंडेर उनी!’ सरांची मुलगी आली. मग चहा, मग शेव, मग माझा फॉर्म.

फॉर्मवर रोजची दहा कामं होती. शर्टाचं बटण लावणं, भरलेला तांब्या उचलणं, कुलूप उघडणं, भाकरी मोडणं, मागावरचा तुटलेला तार, म्हणजे धागा, गाठ मारून जोडणं. प्रत्येक कामाला पेशंटने दहापैकी आकडा सांगायचा. शेवटी मी त्यांच्यासमोरच बेरीज करायची आणि आकडा मोठा आला की ‘अरे वा!’ म्हणायची. ते ‘अरे वा’ कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं, माझ्या पदरचं होतं.

सगळे फॉर्म भरून झाले आणि मी आमच्या गाइड मॅडमच्या टेबलावर गठ्ठा ठेवला. मॅडम मूळच्या इथल्या, गुजराती, आमच्याशी हिंदीत बोलायच्या; हातांच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा हातखंडा. त्यांनी चष्मा लावून एकेक पान उलटलं. ऐंशीच्या खाली एकही बेरीज नव्हती.

“सबके हाथ अच्छे हो गए?” त्यांनी विचारलं.

“हो मॅडम,” मी म्हटलं. खरं सांगते, मला शाबासकी हवी होती.

“मेरे ऑपरेशन इतने अच्छे नहीं होते,” त्या म्हणाल्या आणि गठ्ठा माझ्याकडे सरकवला. “फिर से जाओ. इस बार फॉर्म मत ले जाना. हाथ देखकर आना.”

मला भयंकर राग आला. उन्हातान्हात गल्ल्या तुडवल्या त्या मी, आणि या एसीत बसून शंका काढणार! दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी नाक मुरडत निघाले आणि मुद्दाम त्याच काकांकडे आधी गेले ज्यांनी मला सर्वांत जास्त, म्हणजे शहाण्णव, मार्क दिले होते. म्हटलं, यांचा हात बघितला की मॅडमची शंका मिटेल.

काका पंचेचाळिशीचे. उजव्या हाताची तर्जनी मागात सापडली होती. मागच्या वेळी ते मांडीवर टॉवेल घेऊन बसले होते आणि दर प्रश्नाला ‘झकास शे, बेटा’ म्हणत होते. माग सोडून आता सुरतेबाहेर कडोदऱ्याला कापडाच्या घड्या घालायला जातो, हेही त्यांनी सांगितलं होतं. मी विचारलं होतं, का सोडला? ते म्हणाले होते, हवापालट. मीही हसले होते आणि गाठ मारण्याच्या रकान्यात दहा लिहून मोकळी झाले होते.

आज हातात फॉर्म नव्हता, तर हातांचं काय करावं कळेना. मी म्हटलं, “काका, जरा मूठ वळून दाखवा.”

“पह्यले चहा ले.”

“चहा घेते. आधी मूठ.”

ते टॉवेल शोधायला लागले. तेवढ्यात ओट्यापाशी उभ्या असलेल्या काकू वळल्या. “दखाडी द्या ना आते. कवलोंग दपाडशात?” दाखवा आता, किती दिवस लपवणार?

काकांनी मूठ वळली. तीन बोटं आणि अंगठा नीट आत गेला. तर्जनी सरळच राहिली. ती नेमकी माझ्यावर रोखलेली होती, आणि त्या क्षणी मला ते अगदी रास्त वाटलं.

“काका, तुम्ही तर दहा सांगितलेत!”

“तुनी परीक्षा व्हती ना, बेटा,” ते खाली मान घालून म्हणाले. “सरनी आंडेरले मी नापास करू का?”

हळूहळू सगळं बाहेर आलं. मी त्यांच्यासमोर आकडे लिहिते, बेरीज करते, आकडा मोठा आला की खूश होते. म्हणजे ही हिची परीक्षा आणि आपण परीक्षक, असं सगळ्या गल्लीने धरून चाललं होतं. एकाने तर रस्त्यात माझ्या वडिलांना गाठून विचारलं होतं, ताईंना पास व्हायला किती लागतात? वडिलांना वाटलं, कॉलेजचं विचारतोय. ते म्हणाले, शंभरात पन्नास तरी हवेतच. “पन्नास म्हणजे काठावर,” काकू म्हणाल्या, “म्हणून मंग बठा लोकेस्नी ऐंशीना वर दिधात.” म्हणून सगळ्यांनीच ऐंशीच्या वर दिले.

मला हसू यायला हवं होतं, पण माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. आतला टाका तुटला असेल तर? ऑपरेशनला कित्येक महिने झाले. आता पुन्हा मोठं ऑपरेशन, आणि त्यानंतरही बोट वाकेल याची खात्री नाही. ज्या माणसाचं पोट दोन बोटांच्या गाठीवर चालतं, त्याच्यासमोर बसून मी शेव खाल्ली होती आणि हात सोडून कागद पाहिला होता. मला माझीच चीड आली.

रात्री घरी हे सगळं सांगताना वडिलांवर उगाच खेकसले. ते शांतपणे म्हणाले, “इतकी वर्षं मी त्यांच्या पोरांना मार्क दिले. त्यांनी ते तुला परत दिले.” मग जरा थांबून म्हणाले, “पण पेपर न तपासता मी कधी दिले नाहीत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांना मोपेडवर मागे बसवून मी ओपीडीत नेलं. मॅडमनी त्यांचं बोट आपल्या हाताने वाकवलं. पूर्ण वाकलं. मग तळव्यावर अंगठा दाबून म्हणाल्या, “अब खुद खींचो.” काकांनी जोर लावला. बोट हललं नाही. मॅडम डोळे मिटून बराच वेळ तसाच अंगठा दाबून राहिल्या.

“टूटा नहीं है,” त्या म्हणाल्या. “चिपक गया है. अंदर खिंच रहा है, मुझे लग रहा है.”

नस व्रणाला चिकटली होती. रोज नेटाने व्यायाम केला तर सुटण्याची आशा होती, नाहीच सुटली तर पुढचं पुढे. आणखी बरेच महिने असेच गेले असते तर मात्र सांधाच धरला असता. माझा जीव भांड्यात पडला. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन मनसोक्त रडले, आणि परत आले तेव्हा मॅडम फक्त म्हणाल्या, “बाकी के हाथ?”

बाकीचे हात मी एकेक करून पाहिले. आधी हात, मग प्रश्न, आणि बेरीज घरी. प्रत्येक दारात सांगायची, मार्क माझे नाहीत, टाक्यांचे आहेत. बॉबिन भरणाऱ्या एक मावशी लगेच म्हणाल्या, “मंग डॉक्टरले पाचच दे!” बहुतेक हात खरोखरच बरे होते, काही आखडलेले होते, पण काकांसारखं दुसरं कुणी निघालं नाही. दर घरातून उतरताना मला हलकं वाटायचं.

काका चार महिने फिजिओथेरपीला आले, एकही दिवस न चुकता. मग एका सकाळी मागावरचा तार खिशात घालूनच ओपीडीत आले. माझ्यासमोर त्यांनी तो तोडला, दोन टोकं अंगठ्यात आणि तर्जनीत धरली, आणि गाठ मारली. पहिल्या खेपेला निसटली. दुसऱ्या खेपेला बसली.

मी फॉर्म काढला. “काका, आता खरं सांगायचं.”

बटणाला नऊ मिळाले, तांब्याला दहा. गाठीपाशी ते थांबले, बोट उघडमिट करून पाहिलं. “सहा,” ते म्हणाले. “येखादा दाव चुकस. अन् सकायले आखडस. लिखी ले.”

मी सहा लिहिला.

ते कागदावर वाकून पाहत होते. “इतलामा पास व्हशी ना, बेटा?”

“होईन, काका,” मी म्हटलं. “या सहावरच होईन.”